ओपन सोर्समध्ये पाऊल टाकताना : वाचकांचे प्रश्न

या वेळी सदराकडे आलेली बरीच पत्रं ओपन सोर्सविषयीची (ज्याचा कोड कुणालाही वाचता आणि बदलता येतो अशा सॉफ्टवेअरविषयीची) आहेत आणि त्यातली बहुतेक मुलींनी आणि बायकांनी लिहिली आहेत. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पायथन बऱ्यापैकी येतं. 'गुड फर्स्ट इश्यू' (नवख्यांसाठी नोंदवलेलं सोपं काम) शोधायला गेलं की त्यावर आधीच दहा जणांनी 'मला द्या' असं लिहिलेलं असतं. सुरुवात नेमकी कुठून करायची? (विद्यार्थिनी, कर्वेनगर)

इश्यू नंतर शोधा, आधी प्रोजेक्ट निवडा. तुम्ही रोज इम्पोर्ट करता त्यातलीच एखादी मध्यम आकाराची लायब्ररी घ्या आणि तिच्या बंद झालेल्या पुल रिक्वेस्टची ('माझा बदल मूळ कोडमध्ये घ्या' या विनंत्यांची) यादी उघडा. गेल्या महिना-दीड महिन्यात मेंटेनर (प्रोजेक्ट सांभाळणारे) सोडून बाहेरच्या कुणाचं काम मर्ज झालंय (मूळ कोडमध्ये घेतलं गेलंय) का, एवढंच पाहा. झालं नसेल तर प्रोजेक्ट कितीही नावाजलेला असो, पहिल्या कामासाठी तो सोडून द्या. तिथं तुमचं काम महिनोन्महिने पडून राहील आणि तुम्हाला वाटत राहील की आपलंच काही चुकलं.

'मला द्या'च्या रांगेत उभं राहायचं कारण नाही. कॉन्ट्रिब्युटिंग नावाची फाइल उघडा आणि त्यातली प्रत्येक पायरी जशी लिहिली आहे तशीच करत जा. जिथं अडाल तिथं त्या सूचनांमध्ये खोट आहे. जुन्या मंडळींना ती दिसत नाही, कारण त्यांच्या मशीनवर सगळं आधीच बसलेलं असतं. एखादं पॅकेज लागतं पण सांगितलेलं नाही, विंडोजवर कमांड वेगळी आहे, पायथनची आवृत्ती जुनी लिहिली आहे : असा इश्यू तुम्हीच नोंदवा आणि तुम्हीच दुरुस्त करा. पहिलं काम म्हणून याच्याइतकं चांगलं दुसरं नाही.

पुढचा क्रम असा. काहीही बदलण्याआधी सगळ्या टेस्ट एकदा चालवून घ्या. हात न लावताच टेस्ट पडल्या तर दोष तुमच्या सेटअपमध्ये आहे, हे तेव्हाच कळतं. नंतर कळलं तर रात्रभर आपल्याच चार ओळींवर संशय घेत बसावं लागतं. फोर्क करा (आपल्या खात्यावर प्रत घ्या), क्लोन करा (ती आपल्या मशीनवर उतरवा), मूळ रिपॉझिटरी (कोडचा साठा) 'अपस्ट्रीम' नावानं जोडून ठेवा आणि नवी ब्रँच (कामाची वेगळी शाखा) काढा. थेट मेन ब्रँचवर कमिट केलं (बदल नोंदवला) की पुढच्या वेळी अपस्ट्रीममधले बदल ओढताना गुंता होतो, शिवाय तुमची दोन वेगळी कामं एकाच पुल रिक्वेस्टमध्ये जाऊन बसतात.

कमिट करण्याआधी डिफ (जुन्या आणि नव्या कोडमधला फरक) ओळ न् ओळ वाचा. नवख्यांच्या पुल रिक्वेस्टमध्ये दोन गोष्टी फार वेळा दिसतात. एक, एडिटरनं सेव्ह करताना अख्खी फाइल आपल्या पद्धतीनं फॉरमॅट केलेली असते, त्यामुळे दोन ओळींच्या दुरुस्तीत तीनशे ओळी बदललेल्या दिसतात. दुसरी, विंडोजवर ओळीच्या शेवटाची खूण वेगळी असल्यानं संपूर्ण फाइलच बदलल्यासारखी वाटते. पहिल्यासाठी त्या फोल्डरपुरतं फॉरमॅट-ऑन-सेव्ह बंद करा, दुसऱ्यासाठी गिट या बदल नोंदवणाऱ्या साधनातलं ऑटो-सीआरएलएफ हे सेटिंग तपासा.

कमिट मेसेजची पहिली ओळ साधारण 50 अक्षरांच्या आत ठेवा, मग एक रिकामी ओळ आणि खाली 'का' बदललं ते लिहा. 'काय' बदललं ते डिफमध्ये दिसतंच. पुल रिक्वेस्टच्या वर्णनात 'फिक्सेस' आणि इश्यूचा क्रमांक लिहिला की काम मर्ज होताच तो इश्यू आपोआप बंद होतो. बदल सुचवले गेले तर त्याच ब्रँचवर नवे कमिट टाका. त्यासाठी नवी पुल रिक्वेस्ट उघडू नका, आधीची सगळी चर्चा तुटते.

प्रश्न : कोड एआयकडून लिहून घेतला तर चालतो का? (अनेक विद्यार्थी)

आधी त्या प्रोजेक्टचा नियम वाचा. जेंटू आणि नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रोजेक्टनी 2024 मध्येच असा कोड नको म्हणून ठरवलं आहे, तर काही ठिकाणी वापर केला असेल तर सांगा एवढीच अट असते. नियम काहीही असो, 'ही ओळ इथं का?' असं मेंटेनरनं विचारलं आणि तुम्हाला सांगता आलं नाही, तर तो पॅच (बदल) पाठवायचाच नाही. वाचून तपासणारा माणूस बहुतेक वेळा फुकट काम करत असतो. त्याचा वेळ घेताना आपला वेळ आधी खर्च झालेला हवा.

प्रश्न : मी मराठी शिकवते. कोडिंग येत नाही, पण संगणकावरचं मराठी वाचून जीव कासावीस होतो. 'पुणेला स्वागत', 'सीमा आला आहे' असली वाक्यं! मला यात काही करता येईल का? (शिक्षिका, निगडी)

येईल, आणि तुमच्यासारखी माणसं फार कमी आहेत. फायरफॉक्सचं भाषांतर पाँटूनवर होतं, लिब्रेऑफिसचं वेबलेटवर आणि विकिपीडियामागच्या मीडियाविकीचं ट्रान्सलेटविकीवर. वर्डप्रेसची भाषांतराची स्वतंत्र साइट आहे. खातं उघडायचं, मराठी निवडायची आणि ब्राउझरमध्येच लिहायचं. सुरुवातीला तुमचं लेखन 'सूचना' म्हणून साठतं आणि अधिकार असलेली व्यक्ती ते तपासून मंजूर करते.

तुम्ही दिलेली दोन्ही उदाहरणं फार मोलाची आहेत, कारण त्यांचं मूळ एकच आहे. मूळ वाक्यात नावाच्या जागी टक्क्याचं चिन्ह आणि एखादं अक्षर, किंवा महिरपी कंसातला शब्द असतो. त्या जागी पुढे काय येणार हे भाषांतर करताना माहीत नसतं. इंग्रजीला त्यानं फरक पडत नाही. मराठीत मात्र विभक्तीचा प्रत्यय लागण्याआधी शब्दाचं सामान्यरूप होतं. पुणे, पुण्याला. नाशिक, नाशिकला. जागा राखणाऱ्या खुणेला नुसता 'ला' चिकटवला की 'पुणेला' होणारच. उपाय वाक्य फिरवण्यात आहे. खुणेनंतर जागा सोडून 'या शहरात स्वागत' लिहा, म्हणजे सामान्यरूपाचा भार 'शहर' या शब्दावर जातो आणि नाव जसंच्या तसं राहतं.

लिंगाचंही तसंच. 'आला आहे' असं लिहिणाऱ्यानं वापरणारा पुरुष आहे हे गृहीत धरलं. तिथं 'यांनी प्रवेश केला' लिहा. कर्त्याला 'नी' लागला की क्रियापद कर्माच्या लिंगावर जातं आणि सीमा असो की समीर, वाक्य बिघडत नाही. लाखो स्त्रियांना रोज आपल्याच फोनवर पुल्लिंगी क्रियापद वाचावं लागतं. ते असं एकेका वाक्यानं बदलता येतं.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगतो. खुणेतलं एकही अक्षर बदलू नका. तिथं देवनागरी अक्षर घातलं तर तपासणीत वाक्य अडकतं आणि कधी कधी प्रोग्रामच बंद पडतो. दोन खुणा असतील आणि मराठीत त्यांचा क्रम उलटत असेल, तर क्रमांक घातलेली खूण वापरावी लागते. ती कशी लिहायची ते त्या प्रोजेक्टच्या सूचनांत असतं. एकवचन-अनेकवचनासाठी दोन चौकटी येतात : '1 फाइल हटवली' आणि '5 फायली हटवल्या'. 'ओपन' हे बटण असेल तर 'उघडा', स्थिती असेल तर 'उघडे'. कुठलं ते शेजारच्या संदर्भात पाहा, नाही कळलं तर तिथंच टिप्पणी करून विचारा. मेनूतल्या शब्दात अधोरेघेची खूण दिसली तर ती कीबोर्डच्या शॉर्टकटची असते. मूळ रोमन अक्षर शेवटी कंसात, खुणेसकट ठेवायची पद्धत आहे.

एका बैठकीत एकाच पडद्यावरची वीस-तीस वाक्यं करा आणि पुढच्या आवृत्तीत तो पडदा उघडून पाहा. यंत्राकडून पाचशे वाक्यं काढून ओतणारा माणूस तपासनीसाचं काम वाढवतो, कारण प्रत्येक वाक्य पुन्हा वाचावं लागतं.

प्रश्न : आमच्या ट्रेकिंग ग्रुपच्या पीडीएफमध्ये 'दऱ्या' हा शब्द काही ठिकाणी 'दर्या' असा छापला जातो. दरीऐवजी समुद्र! ही तक्रार कुणाकडे करायची? (वाचक, बिबवेवाडी)

अशी तक्रार नीट नोंदवणं हेसुद्धा ओपन सोर्समधलं खरं काम आहे. देवनागरी वाचता न येणाऱ्या प्रोग्रामरला हा दोष कधीच दिसणार नाही, कारण त्याला दोन्ही आकार सारखेच वाटतात. 'आचाऱ्याला' आणि 'आचार्याला' यातला फरक त्याला समजावून सांगावा लागतो, तेव्हा रिपोर्टमध्ये ही जोडी जरूर द्या.

ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो. एक, नुक्ता असलेला ऱ, हलन्त आणि य. दुसरा, साधा र, हलन्त, मग न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर आणि य. मजकूर एका ॲपमधून दुसऱ्यात नेताना तो न दिसणारा जोडक गळून गेला की उरतो र, हलन्त, य, आणि त्याचा रफार होतो. म्हणून आधी तुमच्या फाइलमध्ये कुठला प्रकार आहे ते पाहा. लिब्रेऑफिसमध्ये अक्षरानंतर कर्सर ठेवून ऑल्ट आणि एक्स दाबलं की त्याचा युनिकोड (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारी पद्धत) क्रमांक दिसतो.

मग दोष कुणाचा ते शोधा. तोच शब्द एकाच ॲपमध्ये तीन फाँटमध्ये लिहा : लोहित देवनागरी, नोटो सान्स देवनागरी आणि मुक्ता. नंतर तोच फाँट दोन वेगळ्या ॲपमध्ये वापरा. एकच फाँट सगळीकडे चुकत असेल तर तक्रार फाँटच्या प्रोजेक्टकडे. सगळे फाँट एकाच ॲपमध्ये चुकत असतील तर ॲपकडे. पडद्यावर बरोबर आणि पीडीएफमध्ये चूक असेल तर पीडीएफ बनवणाऱ्या भागाकडे.

रिपोर्टमध्ये ॲपची आणि फाँटची आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम, शब्द मजकूर म्हणून (नुसता स्क्रीनशॉट नको, त्यातून अक्षरांचे क्रमांक काढता येत नाहीत), ते क्रमांक, काय दिसायला हवं त्याचं चित्र आणि काय दिसतंय त्याचं चित्र, एवढं हवं. 'मराठी नीट दिसत नाही' एवढ्या एका ओळीवर काहीही होत नाही.

हाच डोळा इतरत्रही लावा. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये 2008 साली आलं. त्याआधी लोक अ वर चंद्र देऊन लिहायचे आणि आजही लिहितात. दिसायला दोन्ही सारखे, पण युनिकोड त्यांना एक मानत नाही. म्हणून शोध घेताना एका पद्धतीनं लिहिलेलं 'ॲप' दुसऱ्या पद्धतीनं सापडत नाही. याद्या लावताना 'ळ' हा 'ल'नंतर लगेच येतो, कारण युनिकोडच्या तक्त्यात तो तिथं आहे. मराठी वर्णमालेत त्याची जागा 'ह'नंतर. कुठल्याही नव्या ॲपमध्ये ऱ्य, ॲ आणि ळ या तीन गोष्टी तपासल्यात तर निदान एक तरी इश्यू हाती लागेल.

प्रश्न : मुलं लहान म्हणून आयटीतली नोकरी सोडली, त्याला सहा वर्षं झाली. आता परत यायचं आहे. रोज दीड-दोन तास मिळतात. आउटरीची आणि गूगल समर ऑफ कोड या मानधन देणाऱ्या ओपन सोर्स उपक्रमांबद्दल ऐकलं. मला जमेल का? (गृहिणी, कोथरूड)

आउटरीचीचं मूळ तुमच्यासारख्यांसाठीच आहे. 2006 मध्ये गूगलच्या समर ऑफ कोडसाठी ग्नोम या लिनक्सच्या डेस्कटॉप प्रोजेक्टकडे 181 अर्ज आले आणि त्यात एकही स्त्री नव्हती. त्यातून आधी ग्नोमचा स्त्रियांसाठीचा उपक्रम आणि पुढे आजची आउटरीची उभी राहिली. काम घरूनच, तीन महिने, मानधन 7,000 डॉलर. फेऱ्या मे आणि डिसेंबरमध्ये सुरू होतात. चालू वर्षाचं वेळापत्रक त्यांच्या साइटवर पाहूनच आखणी करा. आधी निबंधवजा उत्तरांचा अर्ज, तो मंजूर झाला की साधारण महिनाभर निवडलेल्या प्रोजेक्टमध्ये प्रत्यक्ष काम, आणि त्या कामावरून निवड. अर्ज मंजूर झाला म्हणून निवांत बसलेल्यांची निवड होत नाही. ते काम साइटवर नोंदवावंही लागतं, आणि नोंद न केल्यानंही अर्ज बाद होतात.

अडचण तासांची आहे. आउटरीचीत आठवड्याला 30 तास अपेक्षित असतात. दीड-दोन तास रोज म्हणजे साडेदहा ते चौदा. तेव्हा घरात तीन महिन्यांपुरती वेगळी व्यवस्था झाली तरच अर्ज करा. समर ऑफ कोडला 2022 पासून विद्यार्थी असण्याची अट नाही. वय 18 पूर्ण आणि ओपन सोर्समध्ये नवखेपण, एवढं पुरतं. नोकरीचा जुना अनुभव आड येत नाही. तिथं 90, 175 आणि 350 तासांचे प्रकल्प असतात. 90 तास बारा आठवड्यांत वाटले तर आठवड्याला साडेसात. हे तुमच्या दिवसात बसतं. मात्र प्रस्ताव लिहिण्याआधी त्या संस्थेत निदान एक-दोन पॅच गेलेले हवेत, म्हणून जानेवारीत नाव शोधण्याऐवजी आत्ताच एखादा प्रोजेक्ट धरा.

हे पैसे पगार म्हणून येत नाहीत. परदेशातून येतात, त्यासाठी बँकेचा स्विफ्ट कोड लागू शकतो आणि आयकर विवरणात ते दाखवावे लागतात.

प्रश्न : हिंजवडीतल्या कंपनीत आहे. शनिवार-रविवारी ओपन सोर्ससाठी कोड लिहिला तर कंपनी हक्क सांगू शकते? (नोकरदार, वाकड)

करारावर अवलंबून आहे, म्हणून नेमणूकपत्र काढून वाचा. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 17 नुसार नोकरीच्या ओघात केलेल्या कामाची पहिली मालकी, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणाऱ्याची असते. सुट्टीतलं काम त्यात येत नाही असं वाटतं, पण कित्येक नेमणूकपत्रांत 'नोकरीच्या काळात केलेलं सगळं' असं वाक्य असतं. मॅनेजर आणि लीगल विभाग दोघांनाही मेल पाठवा. प्रोजेक्टचं नाव, लायसन्स, स्वतःचा लॅपटॉप, कार्यालयीन वेळेबाहेर, कंपनीच्या कामाशी संबंध नाही, हे पाचही मुद्दे त्यात हवेत. तोंडी 'कर ना' चालत नाही, मॅनेजर बदलला की ते विरून जातं. हे महत्त्वाचं यासाठी, की बऱ्याच प्रोजेक्टमध्ये कमिटखाली 'साइन्ड ऑफ बाय' ही ओळ लागते. ती लिहून तुम्ही सांगता की हा कोड देण्याचा हक्क मला आहे.

प्रश्न : स्त्री आहे हे दिसलं की काम नाकारतात का? नाव लपवावं का? आणि कुणी त्रास दिला तर? (दोन पत्रं)

गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटवरच्या लाखो पुल रिक्वेस्ट तपासणारा एक अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात स्त्रियांचं स्वीकारलं गेलेलं काम सुमारे 79 टक्के आणि पुरुषांचं सुमारे 75 टक्के निघालं. पण प्रोजेक्टला अनोळखी असलेल्या आणि प्रोफाइलवरून स्त्री म्हणून ओळखू येणाऱ्यांचं प्रमाण पुरुषांच्या खाली गेलं. तेव्हा भीती निराधार नाही. नुसतं आडनाव किंवा टोपणनाव वापरणं यात काही गैर नाही. लिनक्स कर्नलनंही (लिनक्सच्या गाभ्याचं प्रोजेक्ट) 2023 मध्ये 'खरं नाव'ऐवजी 'ओळखीचं नाव' पुरेसं मानलं; निनावी मात्र चालत नाही. तुमचं कौशल्य लोकांना दिसावं म्हणून पुढे स्वतःच्या नावानं काम करावं असं आमचं मत आहे, पण वेळ तुम्ही ठरवा.

नावापेक्षा ईमेल आधी सांभाळा. कमिटमध्ये गेलेला पत्ता इतिहासात कायमचा राहतो आणि कुणालाही वाचता येतो. गिटहबच्या ईमेल सेटिंगमध्ये पत्ता खाजगी ठेवण्याचा पर्याय निवडा, तिथं मिळणारा नो-रिप्लाय पत्ता तुमच्या गिटच्या सेटिंगमध्ये घाला, आणि खरा पत्ता उघड करणारा पुश (कोड साइटवर पाठवणं) अडवण्याचा पर्यायही चालू करा. हे पहिल्या कमिटच्या आधी करायचं.

'हा बदल चुकीचा आहे, टेस्ट नाही' हे कोरडं असलं तरी कामाबद्दल आहे. 'तुमच्यासारख्यांनी' असं सुरू झालं की ते माणसाबद्दल आहे. दुसऱ्या प्रकाराला उत्तर देऊ नका. लिंक, तारीख, स्क्रीनशॉट जपून ठेवा, कारण लिहिणारा पुष्कळदा ते पुसतो. कोड ऑफ कंडक्ट (वागणुकीचे नियम) या फाइलमध्ये दिलेल्या पत्त्यावर तेवढंच आणि तसंच पाठवा. अशी फाइलच नसलेल्या प्रोजेक्टमध्ये वेळ घालवू नये. खाजगी मेसेज, फोटो, धमकी इथवर गेलं तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर स्त्रिया आणि मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी वेगळा विभाग आहे, तिथं तक्रार करा.

प्रश्न : तीन वर्षं एका प्रोजेक्टमध्ये आहे. कागदपत्रं लिहिते, नव्यांना शिकवते, मीटिंगच्या नोंदी ठेवते. माझ्यानंतर आलेल्या दोन मुलांना कमिटचे अधिकार मिळाले, मला नाही. (वाचक, हडपसर)

तुमच्या कामाशिवाय ती दोन मुलं टिकलीच नसती, आणि हे काम कुठल्याही आलेखात दिसत नाही. ते दिसेल अशी सोय तुम्हालाच करावी लागेल. नोंदी आणि मार्गदर्शिका रिपॉझिटरीतच, तुमच्या कमिटमधून जाऊ द्या. गूगल डॉकमध्ये ठेवलेलं लेखन कुणाच्या खात्यावर जमा होत नाही. मग मेंटेनरला लेखी विचारा, 'ट्रायाजचे अधिकार हवेत, डॉक्स फोल्डरची जबाबदारी माझ्या नावावर करा.' ट्रायाजमध्ये इश्यूला लेबल लावता येतं, बंद करता येतं. कोडला धोका नसतो, त्यामुळे नकार द्यायला कारण उरत नाही. नोंदी ठेवण्याची पाळी लावायला सांगा. आणि पुढच्या रिलीजची (नवी आवृत्ती बाहेर काढण्याची) जबाबदारी मागून घ्या. रिलीज केलेल्या माणसाला अधिकार नाकारणं अवघड जातं.

कोड न लिहिणाऱ्यांना बरोबरीचं स्थान देणाऱ्या संस्था आहेत. डेबियन या लिनक्सच्या प्रोजेक्टनं 2010 मध्ये मतदान घेऊन पॅकेजिंग (सॉफ्टवेअरची पॅकेजं बनवणं) न करणाऱ्यांनाही पूर्ण सदस्यत्व खुलं केलं. ग्नोम फाउंडेशनचं सदस्यत्व भाषांतरावर किंवा कार्यक्रमांच्या आयोजनावरही मिळतं. दोन-तीन महिन्यांत स्पष्ट उत्तर मिळालं नाही तर तुमचं काम अशा ठिकाणी न्या.

प्रश्न : पुण्यात प्रत्यक्ष भेटणारे गट आहेत का? एकटीनं जायला संकोच वाटतो. (विद्यार्थिनी, धनकवडी)

पुण्याला याची जुनी सवय आहे. सिम्बायोसिसमध्ये ग्नूनिफाय हे ओपन सोर्सचं संमेलन भरायचं, फेडोरा या लिनक्सचं फडकॉन संमेलन 2011 मध्ये सीओईपीत आणि 2015 मध्ये एमआयटीत झालं, 2017 आणि 2018 मध्ये पायथनचं पायकॉन पुणे झालं. पायथनसाठी पायलेडीज या स्त्रियांच्या गटाची पुणे शाखा आहे. ही साखळी 2011 मध्ये लॉस एंजेलिसला सुरू झाली. वर्डप्रेसवाल्यांच्याही भेटी होतात. पुढची भेट कधी ते पाहूनच निघा. भाषणांपेक्षा स्प्रिंट असेल त्या दिवशी जा, तिथं शेजारी बसून काम होतं आणि ओळख आपोआप होते. गिट, एडिटर आणि प्रोजेक्टचा क्लोन घरूनच घेऊन जा. चाळीस लॅपटॉप एकाच वायफायवर क्लोन करू लागले की पहिले दोन तास त्यातच जातात. लॅपटॉप 4 जीबी रॅमचा असेल तर त्यावर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घाला, आणि क्लोन करताना डेप्थ 1 द्या, म्हणजे जुना इतिहास उतरत नाही. संध्याकाळची भेट असेल तर किती वाजता संपते आणि परतीची बस किंवा मेट्रो मिळते का हे आयोजकांना आधीच विचारा. नीट चालवलेल्या गटात याचं उत्तर तयार असतं.